शाळेतली हाऊस पद्धत: वाटणीपासून चषकापर्यंत, क्रमाने

हाऊस म्हणजे शाळेतल्या सगळ्या इयत्तांच्या मुलांचे चार रंगांचे गट; वर्षभर त्यांच्यात स्पर्धा आणि शेवटी जिंकणाऱ्या हाऊसला चषक. बऱ्याच शाळांत ही चार हाऊस फक्त डिसेंबरात जागी होतात. क्रीडा दिवस तीन आठवड्यांवर आला की पीटीचे सर वर्गात येतात, 'रेड हाऊसवाले हात वर करा' म्हणतात, निम्म्या मुलांना आपलं हाऊस आठवत नाही, आणि उरलेली निम्मी मैत्रीण जिथे आहे तिथे हात वर करतात. मग जानेवारीत चषक कोणाला द्यायचा यावरून स्टाफरूममध्ये वाद. यातलं काहीच मैदानावर बिघडलेलं नसतं. बिघडतं ते जूनमध्ये, वाटणीच्या यादीत आणि नोंदवहीत.

खालचा क्रम मुंबई, वसई, पुणे, गोवा इथल्या कॅथलिक माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इयत्ता पाचवी ते दहावी, प्रत्येकी तीन तुकड्या, तुकडीत ६० च्या आसपास मुलं, म्हणजे साधारण १,०८० विद्यार्थी आणि हाऊसमागे २७०. तुमची शाळा लहान असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

१. नावं, रंग आणि सणाच्या तारखा (मे महिन्यात)

कॅथलिक शाळांत प्रत्येक हाऊसला एका संताचं नाव असतं आणि त्या संताचा सण ते हाऊस साजरा करतं. हा आश्रयदाता संत निवडताना आधी कॅलेंडर उघडा. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, एप्रिलनंतर मुलं नसतात. संत अंतोनींचा सण १३ जूनला, म्हणजे बहुतेक वर्षी शाळा उघडायच्या आधीच. संत जोसेफ १९ मार्चला, तेव्हा वार्षिक परीक्षा डोक्यावर. अशा संताच्या नावाचं हाऊस वर्षानुवर्षं सणाशिवाय राहतं आणि त्या मुलांना ते जाणवतं.

चालणारी एक मांडणी अशी:

- पिवळं: संत इग्नेशियस लोयोला, ३१ जुलै
- निळं: कोलकात्याच्या संत तेरेसा, ५ सप्टेंबर
- हिरवं: संत फ्रान्सिस झेवियर, ३ डिसेंबर
- लाल: संत गोन्सालो गार्सिया, ६ फेब्रुवारी

चार सण चार वेगळ्या महिन्यांत पडतात. रंगही उगीच नाहीत: गोन्सालो गार्सिया वसईचे, नागासाकीला १५९७ मध्ये हुतात्मा झालेले, आणि हुतात्म्यांच्या सणाला मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, धर्मगुरूंच्या वस्त्रांचा रंग लालच असतो. मदर तेरेसांच्या साडीचा निळा काठ पाचवीतल्या मुलालाही माहीत असतो. गोव्यातली शाळा असेल तर १६ जानेवारीचे संत जोसेफ वाझही सोयीचे.

दोन तारखांना अडचण येते. ५ सप्टेंबर हा शिक्षक दिनही आहे, त्या दिवशी दहावीची मुलं वर्गांवर शिकवत असतात. निळ्या हाऊसचा कार्यक्रम आदल्या दिवशी घ्या. गोव्यात ३ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी असते, तिथे हिरव्याचा कार्यक्रम त्याआधीच्या शाळेच्या दिवशी.

रंग लाल, निळा, हिरवा, पिवळा हेच ठेवा. पांढरा नको, तो गणवेशात हरवतो. पोपटी आणि पिवळा शेजारी आले तर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून सारखेच दिसतात, म्हणून हिरवा गडद घ्या. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी मुलंही शाळेत असतात. बॅजवर रंगाबरोबर आकारही वेगळा द्या, एकाला ढाल, एकाला वर्तुळ असं.

सावधान: 'संत' ही पदवी तपासूनच छापा. गोव्याचे फादर आग्नेल अजून 'वंदनीय' आहेत, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, संत नाहीत. बॅनर छापून झाल्यावर हे धर्मगुरूंच्या लक्षात आलं तर बॅनर वाया.

२. मुलांची वाटणी (शाळा उघडल्यावर पहिला आठवडा)

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं थांबूया.

वाटणी फक्त पाचवीची आणि नव्यानं आलेल्या मुलांची करायची. सहावीपासून पुढच्या मुलांचं हाऊस दहावी सुटेपर्यंत बदलत नाही. दरवर्षी 'समतोल साधण्यासाठी' सगळ्यांची पुन्हा वाटणी करणाऱ्या शाळेत हाऊस ही नुसती टी-शर्टची भानगड होऊन बसते.

काय करू नका:

- अ तुकडी लाल, ब तुकडी निळी असं करू नका. मग हाऊसची स्पर्धा म्हणजे तुकड्यांचं भांडण होतं, आणि तुकड्या गुणांनुसार पाडल्या असतील तर निकाल आधीच ठरलेला असतो.
- हजेरी क्रमांकाला चारने भागून हाऊस ठरवू नका. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. पाचवीत २३ नंबरची मुलगी सहावीत २५ होते आणि नवे वर्गशिक्षक तिला दुसऱ्या हाऊसमध्ये लिहून मोकळे होतात.
- चिठ्ठ्या टाकू नका. मजा येते, पण सगळे पळणारे एकीकडे आणि सगळे गाणारे दुसरीकडे जाण्याची शक्यता तशीच राहते.

काय करा:

पहिली पायरी. प्रत्येक मुलाची एक ओळ: जीआर नंबर (शाळेच्या जनरल रजिस्टरमधला प्रवेश क्रमांक), नाव, मुलगा की मुलगी, जन्मतारीख, शाळेत शिकणारं भावंड आणि त्याचं हाऊस. ओळखीचा नंबर म्हणून जीआर नंबरच वापरा, कारण तो दाखला निघेपर्यंत बदलत नाही.

दुसरी पायरी. आधी भावंडं बसवा. थोरली बहीण निळ्यात असेल तर धाकटा निळ्यात. घरात एकच टी-शर्ट पुढे चालतो, आणि पालकांनी एकाच हाऊससाठी ओरडावं हेही बरं.

तिसरी पायरी. उरलेल्या मुलांचे दोन गठ्ठे करा, मुली आणि मुलगे. प्राथमिक विभागाच्या पीटी आणि संगीत शिक्षकांना विचारून प्रत्येक गठ्ठ्यात वर ती मुलं ठेवा ज्यांना मैदान किंवा मंच सहज जमतो, खाली बाकीची. ही यादी वर्गात वाचून दाखवायची नाही आणि काम झालं की फाडून टाकायची.

चौथी पायरी. नागमोडी वाटा: लाल, निळा, हिरवा, पिवळा, मग उलट, पिवळा, हिरवा, निळा, लाल, पुन्हा सरळ. दर वेळी लालपासूनच सुरुवात केली तर प्रत्येक चौघांतला वरचा लालला मिळतो आणि पिवळ्याला कायम शेवटचा. तीन-चार वर्षांनी पिवळं हाऊस 'हरणारं हाऊस' म्हणून ओळखलं जायला लागतं ते असं.

पाचवी पायरी. तुकडी बरोबर चाराच्या पटीत नसते. ५८ मुलं असतील तर दोन हाऊसना १५ आणि दोघांना १४ मिळतात. अ तुकडीत जादाचा एक-एक लाल-निळ्याला दिला तर ब तुकडीत तो हिरव्या-पिवळ्याला द्या. हे लिहून ठेवा, आठवणीवर सोडू नका.

वर्षाच्या मध्ये कोणी आलं तर त्या तुकडीत ज्या हाऊसची संख्या कमी, तिथे. मुलाची पसंती विचारायची नाही. विचारली की सगळ्यांना मागच्या वर्षी जिंकलेलंच हाऊस हवं असतं.

तपासणी: चारही हाऊसची एकूण संख्या, मुली-मुलगे आणि कॅथलिक मुलांची संख्या शेजारी-शेजारी लिहा. एकूण आकड्यात चार-पाचपेक्षा जास्त फरक असेल तर भावंडं सोडून बाकीच्यांची अदलाबदल करा. कॅथलिक मुलं एकाच हाऊसमध्ये जमली असतील तर त्या हाऊसच्या सणाला गायकवृंद भरगच्च आणि दुसऱ्याच्या सणाला मिस्सेत बायबल वाचायलाही कोणी नाही, असं होतं.

३. हाऊस रजिस्टर

प्रत्येक हाऊसचं एक जाड फुलस्केप रजिस्टर, आणि त्याचीच एक संगणकावरची प्रत कार्यालयात. रजिस्टरमध्ये जीआर नंबर, नाव, तुकडी यांच्यापुढे चार रिकामे रकाने ठेवा: क्रीडा, सांस्कृतिक, शैक्षणिक, सेवा. मुलानं ज्यात भाग घेतला तिथे तारीख लिहायची, नुसती खूण नको.

याचा उपयोग दिवाळीच्या सुट्टीआधी कळतो. ज्या ओळीत चारही रकाने कोरे आहेत ती मुलं शोधून काढा. २७० पैकी बरीच सापडतात, आणि बहुतेक तीच असतात जी कुठल्याही स्पर्धेत कधीच हात वर करत नाहीत. दुसऱ्या सत्रात त्यांना आधी बोलवायचं.

वर्गशिक्षकांच्या हजेरीपटातही नावापुढे लाल, नि, हि, पि अशी अक्षरं टाका. हे केलं नाही तर बदली शिक्षक आले की वर्गात पुन्हा 'हात वर करा'.

४. माणसं: शिक्षक, कॅप्टन, शपथविधी

प्रत्येक हाऊसला एक हाऊस मास्टर किंवा मिस्ट्रेस, आणि त्यांच्या हाताखाली सहा ते आठ शिक्षक. पीटी शिक्षक कुठल्याच हाऊसचे नकोत. क्रीडा दिवसाला शिट्टी त्यांच्या हातात असते.

कॅप्टन दहावीचा, उपकॅप्टन नववीचा. कारण साधं आहे: दहावीची पूर्वपरीक्षा आणि बोर्ड धरलं तर नाताळनंतर दहावीचा कॅप्टन नावापुरताच उरतो. म्हणून कामं जुलैतच वाटून द्या: नाताळपर्यंत कॅप्टन, जानेवारीपासून उपकॅप्टन. क्रीडा दिवस जानेवारीत असेल तर संचलनाचं नेतृत्व उपकॅप्टनकडे, आणि हे पालकांनाही आधी सांगा. नाहीतर ऐनवेळी एक आई कार्यालयात उभी असते.

निवड दोन टप्प्यांत. आधी हाऊसचे शिक्षक मिळून प्रत्येक पदासाठी तीन-चार नावं ठरवतात. मग त्या हाऊसच्या आठवी ते दहावीच्या मुलांचं गुप्त मतदान. नुसतं मतदान ठेवलं तर वर्गातला सगळ्यात विनोदी मुलगा निवडून येतो. नुसती शिक्षकांची निवड ठेवली तर सगळ्यात आज्ञाधारक. कोणाला किती मतं पडली ते जाहीर करायचं नाही.

शपथविधी, म्हणजे इन्व्हेस्टिचर, बहुतेक ठिकाणी जुलैत होतो. मैदानावर ठेवू नका, पाऊस तुम्हाला विचारून येत नाही. सभागृहातला क्रम: प्रार्थना, हाऊसचे ध्वज आत, मुख्याध्यापिकांकडून ध्वज कॅप्टनच्या हाती, पालकांकडून बॅज, शपथ, शेवटी राष्ट्रगीत. मेणबत्त्या पेटवणार असाल तर पंखे बंद करायला एक माणूस नेमून ठेवा.

सावधान: कॅप्टन किंवा प्रीफेक्टला (शिस्तीवर लक्ष ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला) शिक्षा देण्याचा अधिकार नाही. उभं करणं नाही, वहीवर सही नाही, डब्याच्या सुट्टीत अडवून ठेवणं नाही. त्यानं नाव लिहून हाऊस शिक्षकांकडे द्यायचं, इतकंच. पहिल्या बैठकीत हे शब्दशः सांगा.

५. आठवड्याची जबाबदारी आणि सणाचा दिवस

दर आठवड्याला एक हाऊस परिपाठ, जिन्यावरची रांग आणि डब्याच्या सुट्टीनंतरची मैदानाची स्वच्छता सांभाळतं. पाळी कॅलेंडरच्या आठवड्यांनी लावू नका. गणपती, दिवाळी, नाताळ आणि चाचणी परीक्षा वगळून फक्त पूर्ण चालणारे आठवडे मोजा, मग चाराने वाटा. ज्या आठवड्यात हाऊसच्या संताचा सण, तो आठवडा त्याच हाऊसला. बाकीचे त्याभोवती बसवा.

महिन्यातून एक तास हाऊसची बैठक. पहिला शुक्रवार टाळा, कॅथलिक मुलं मिस्सेला जातात. तिसरा शुक्रवार, शेवटचा तास, बरा पडतो.

सणाच्या दिवशीचे दोन भाग वेगळे ठेवा. मिस्सा कॅथलिक मुलांसाठी. परिपाठातला कार्यक्रम सगळ्यांसाठी. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही स्वतःच्या, आणि मूल अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. त्यामुळे मिस्सेच्या हजेरीला हाऊसचे गुण कधीही देऊ नका. परिपाठात संताच्या आयुष्यातल्या एखाद्या कामावर पाच मिनिटांची नाटिका पुरते, आणि ती इतर धर्मांची मुलंही मनापासून करतात.

६. गुणांचा हिशेब

दुसरी मोठी गडबड इथे होते. समजा क्रीडा दिवसाला तीन वयोगट, मुली आणि मुलगे वेगळे, प्रत्येकी सहा वैयक्तिक प्रकार: झाले ३६ प्रकार. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १, म्हणजे प्रत्येक प्रकारात ९ गुण आणि एकूण ३२४. शिवाय सहा रिले, दुप्पट गुणांनी (१०, ६, २), त्याचे १०८. क्रीडेचे एकूण झाले ४३२. आता वक्तृत्वाचे वर्षभरात तीन गट धरा: ३ गुणिले ९, फक्त २७. हे आकडे सरळ बेरजेत टाकले की दोन चांगले धावपटू असलेलं हाऊस चषक घेऊन जातं आणि बाकीचं वर्ष कोणी गंभीरपणे घेत नाही.

उपाय असा की प्रत्येक विभागाला आधीच वाटा ठरवून द्यायचा. एकूण १,००० गुण: क्रीडा ४००, सांस्कृतिक २५०, सेवा आणि जबाबदारी २००, शैक्षणिक स्पर्धा १५०. मग विभागातले मिळालेले गुण त्या वाट्यात बदलायचे.

उदाहरण क्रीडेचं. लालला १३०, निळ्याला ११६, हिरव्याला ९८, पिवळ्याला ८८, बेरीज ४३२. लालचे अंतिम गुण: १३० भागिले ४३२ गुणिले ४०० = १२०.४. तसेच निळा १०७.४, हिरवा ९०.७, पिवळा ८१.५. मैदानावर ४२ गुणांची दिसणारी आघाडी वर्षाच्या हिशेबात ३९ होते. पण मुख्य म्हणजे वक्तृत्व, प्रश्नमंजूषा, समूहगान यांना आता खरं वजन येतं.

बरोबरी झाली तर त्या जागांचे गुण एकत्र करून वाटा. उंच उडीत दोघे दुसरे आले तर ३ आणि १ मिळून ४, प्रत्येकी २. तिसरा क्रमांक मग कोणालाच नाही.

आणखी काही नियम, जे जूनमध्येच लिहून फलकाशेजारी लावावेत:

- परीक्षेचे गुण हाऊसला जोडायचे नाहीत. गणितात नापास झालेल्या मुलाला वर हाऊसच्या शिव्या खायला लावण्यात अर्थ नाही.
- एका मुलाच्या चुकीसाठी हाऊसचे गुण कापायचे नाहीत. कापले की शिक्षा शिक्षक नाही, मुलंच देतात, आणि तीही शौचालयाच्या आडोशाला. गुण कमी होतील ते फक्त सामूहिक जबाबदारीत, म्हणजे मैदान साफ केलं नाही किंवा परिपाठाची तयारी नव्हती अशा वेळी.
- उशिरा येणं यात धरू नका. जुलैत लोकल बंद पडली म्हणून विरारहून येणाऱ्या मुलाचा दोष नसतो.
- धान्य, वह्या किंवा पैसे गोळा करता तेव्हा किलो आणि रुपये मोजू नका, भाग घेणारी मुलं मोजा. नाहीतर दोन सधन घरं चषक ठरवतात.

नाताळच्या गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, स्पर्धेला तर हमखास हाच रोग लागतो. चार फूट बाय चार फूट जागा, दोन तास, शाळेतच, बाहेरून तयार काहीही नाही, थर्माकोल नाही. एवढ्या अटी घातल्या की सुकं गवत, माती, पुठ्ठा आणि जुनी गोणपाटं घेऊन मुलं खरोखर कामाला लागतात. नाहीतर वडिलांनी विकत आणलेला गोठा जिंकतो.

तपासणी: गुणफलक दर सोमवारी एकच व्यक्ती बदलते. प्रत्येक आकड्यामागे परीक्षकांच्या सहीचा कागद फाइलमध्ये हवा. कागद नाही तर गुण नाही.

७. क्रीडा दिवस

नावनोंदणी तीन आठवडे आधी बंद. एका मुलाला जास्तीत जास्त दोन वैयक्तिक प्रकार आणि एक रिले. वयोगट जन्मतारखेवरून, आणि ती जीआरमधून. मुलानं सांगितलेली नाही. १४ आणि १७ वर्षांखालील हे जिल्हा स्पर्धांचेच गट ठेवले तर पुढची निवडही सोपी जाते. पाचवी-सहावीसाठी १२ वर्षांखालील गट शाळेपुरता वेगळा.

शाळेच्या मैदानावर बहुधा सहाच लेन बसतात आणि हाऊसमागे दोन म्हणजे आठ धावपटू होतात. चार-चारच्या दोन फेऱ्या घ्या, प्रत्येक फेरीत प्रत्येक हाऊसचा एक. दोन्हींतले पहिले तीन अंतिम फेरीत. फेऱ्या आदल्या आठवड्यात उरका. क्रीडा दिवशी फक्त अंतिम फेऱ्या, नाहीतर दुपारचे दोन वाजतात आणि पाहुणे घड्याळ बघतात.

संचलन: तीन रांगा, प्रत्येकी आठ, पुढे कॅप्टन आणि वेगळा ध्वजधारी. कॅप्टनच्या हाती ध्वज दिला तर त्याला सलामी देता येत नाही. मंचासमोरून जाताना 'दाहिने देख' या हुकमाला उजव्या कडेची रांग समोरच बघते, बाकीच्या दोन मान वळवतात. हे शिकवलं नाही तर अख्खी तुकडी तिरकी होत जाते. मंचासमोर हाऊसचे ध्वज झुकतात, तिरंगा झुकत नाही.

तक्रार फक्त हाऊस मास्टरकडून, लेखी, प्रकार संपल्यापासून अर्ध्या तासात. पालक आणि मोबाइलमधली चित्रफीत ग्राह्य नाही. हे माइकवरून सकाळीच सांगून टाका.

८. वर्ष बंद करताना

दहावी निरोप घेते त्याच्या आधी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हिशेब मिटवा. चारही हाऊस मास्टर एका टेबलावर, फाइल उघडी, प्रत्येक विभागाची बेरीज दोघांनी वेगवेगळी केलेली. अंतिम गुण समान आले तर काय, हे आधी ठरलेलं असावं: ज्याच्याकडे सेवा विभागात जास्त गुण, ते पुढे. तिथेही बरोबरी असेल तर चषक सहा-सहा महिने.

लाल हाऊसचा सण ६ फेब्रुवारीला येतो, तेव्हा निकाल त्याच दिवशी जाहीर करण्याचा मोह होईल. करू नका. लाल जिंकलं तर बाकीच्यांना शंका येते, हरलं तर त्यांच्या सणाचा विचका.

त्यानंतर कॅप्टन ध्वज मुख्याध्यापिकांकडे परत देतात. ध्वज धुऊन, नीट वाळवून, कागदात गुंडाळून कपाटात. पावसाळ्यात ओलसर ठेवलेल्या पिवळ्या साटिनवर काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. रजिस्टरवर पुढच्या उपकॅप्टनची सही घ्या, दहावीच्या मुलांच्या ओळींवर 'शाळा सोडली' लिहा, आणि जादाचे एक-एक मूल यंदा कोणत्या हाऊसना गेले ती नोंद पहिल्या पानावर चिकटवा. जूनमध्ये नव्या पाचवीची यादी हातात आली की पहिली गरज त्याच कागदाची पडते.